कापण्याआधी एकदा प्रोब ठेवू द्या : खानदेशातल्या डॉक्टर मित्रांना खुलं पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर मित्रांना,

स. न. वि. वि.

परवा पन्नाशीचा एक शेतकरी माझ्या टेबलावर पालथा झोपला. पाठीवर, उजव्या खांद्याखाली मोसंबीएवढी गाठ. जेल लावलं तसा मान वळवून म्हणाला, "साहेब, सोनोग्राफी ते बायास्नी करतस ना? मनी कसाले?" बाहेर बाकावर सात गर्भवती बसलेल्या, भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही असा फलक, आणि त्या सगळ्यांसमोरून हा टोपीवाला गडी आत आलेला. संकोचणारच. मला हसू आलं. पण तो जे मोकळेपणाने बोलला तेच तुमच्यापैकीही बऱ्याच जणांच्या मनात असतं, म्हणून हे पत्र.

सोनोग्राफी म्हणजे पोट. पोटातलं बाळ, नाहीतर मूतखडा, नाहीतर अपेंडिक्स. मांडीवर, दंडावर, पाठीवर, मानेवर आलेल्या गाठीसाठी पेशंटला सोनोग्राफीला पाठवायचं असतं, हे आपल्या तिन्ही जिल्ह्यांत अजून अंगवळणी पडलेलं नाही. गंमत अशी की हे तंत्र दवाखान्यात आलं त्यात गाठींचा वाटा मोठा. आयन डोनाल्ड हे ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ. १९५५ साली त्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गर्भाशयाच्या आणि बीजकोशाच्या गाठी मोटारीत घातल्या आणि रेनफ्रूला बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या बॉयलरच्या कारखान्यात नेल्या. तिथे धातूतली भेग शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र होतं. तुलनेसाठी बीफचा मोठा तुकडाही ठेवला होता. पाण्याची गाठ एक प्रतिध्वनी देते आणि भरीव गाठ दुसरा, हे तिथे दिसलं. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा जो गाजलेला लेख आला, त्याचा विषयही पोटातल्या गाठी हाच होता. पोटात पसरलेला कॅन्सर समजून जिची आशा सोडली होती अशा एका बाईच्या पोटात त्यांना बीजकोशाची पाण्याची मोठी गाठ दिसली. ती काढली, बाई बरी झाली. म्हणजे गाठीवर प्रोब, सोनोग्राफीचा हातातला दांडा, ठेवणं ही काही माझी नवी टूम नाही.

आता आपल्याकडची रीत बघू. पेशंट शर्ट वर करतो. तुम्ही दोन बोटांनी गाठ हलवून बघता. बोटाखालून सटकते, दुखत नाही. "चरबीची आहे, जागा बधिर करून काढून टाकू." अर्ध्या तासात गाठ ट्रेमध्ये, ट्रे नातेवाइकांसमोर, नातेवाईक खूश, आणि संध्याकाळी गाठ दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. बहुतेक वेळा हे निभावून जातं, कारण मऊ भागातल्या साध्या गाठी आणि कॅन्सरच्या गाठी यांचं प्रमाण साधारण शंभरास एक असं धरतात. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्येही सार्कोमाचा, म्हणजे अशा मऊ भागातल्या कॅन्सरचा, वाटा शेकडा एकाच्या आसपास. म्हणून मला तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण ज्या बोटांनी पाचशे लायपोमा, म्हणजे चरबीच्या गाठी, काढलेत त्यांना पाचशे एकावी गाठही लायपोमाच लागते. तिथेच सगळं अडतं.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवून सांगत नाही. चूक माझी आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं.

तापीकाठच्या एका गावातला चोवीस वर्षांचा मुलगा. केळीच्या ट्रकवर घड चढवण्याचं काम करायचा. उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर वीतभर, टणक गाठ. चार महिने झालेले. चिठ्ठीवर दोनच शब्द : 'मांडी, सूज'. मी विचारलं, कधी लागलं होतं का? तो म्हणाला, ट्रकची फळी लागली होती एकदा. झालं. फळीचं नाव ऐकलं आणि माझ्या डोळ्यांनी तेच बघितलं जे कानांनी ऐकलं होतं. स्नायूच्या आत सहा सेंटिमीटरची, काळपट, मधे मधे पांढरट, एका कोपऱ्यात पाणी असलेली गाठ. संध्याकाळचे सात वाजले होते, बाहेर अकरा जण उरले होते. डॉपलर, म्हणजे गाठीतला रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय, दहा सेकंद लावला असेन. त्याचं सेटिंगही आधीच्या गर्भवतीचंच राहिलेलं, वेगवान प्रवाहासाठीचं, ज्यात गाठीतला बारीक प्रवाह दिसणारच नव्हता. रंग दिसला नाही. मी लिहिलं : जुना हिमॅटोमा, म्हणजे साकळलेलं रक्त.

रिपोर्टवर विसंबून एका सर्जनने रक्त काढायला म्हणून मांडी उघडली. रक्त नव्हतं. माशाच्या मांसासारखं पांढरट, भुसभुशीत काहीतरी होतं. उघडलंच आहे म्हणून ते तुकड्यातुकड्याने निघेल तेवढं काढलं आणि ड्रेनची नळी जखमेपासून चार बोटं लांब, वेगळं भोक पाडून बाहेर काढली. नशिबाने एक गोष्ट त्यांनी केली : तुकडे तपासायला पाठवले. उत्तर आलं, सिनोव्हियल सार्कोमा.

मग रात्रीची गाडी धरून मुंबई, परळचं टाटा मेमोरियल. तिथे जे ऑपरेशन झालं ते पहिल्यांदाच नीट झालं असतं तर केवढं लहान झालं असतं, हे मला आजही छळतं. कारण आता फक्त गाठीची जागा काढून भागत नव्हतं. सुरी जिथे जिथे फिरली, रक्त जिथे जिथे पसरलं, तो सगळा पट्टा काढावा लागला. नळीचं ते लांबचं भोकसुद्धा, आजूबाजूच्या कातडीसकट. पुढे रेडिएशन. पाय वाचला. पण मुलगा आता घड चढवत नाही, एका दुकानात वजनकाट्यावर बसतो. माझ्याकडे परत आला तेव्हा भांडला नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. 'मार लागला होता' या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडे शेतात, मळ्यात, ट्रॉलीवर काम करणाऱ्या कुठल्या माणसाला वर्षभरात मार लागलेला नसतो? गाठ आधीपासून असते, मार लागल्यावर हात तिथे जातो आणि ती सापडते. खरा हिमॅटोमा आठवडा-दोन आठवड्यांनी बदलतो, आक्रसतो. जो वाढतो, किंवा आहे तसाच राहतो, ज्याच्यावर जखमेचा निळा-पिवळा डाग कधी उमटलाच नाही, त्याला हिमॅटोमा म्हणायची मला हिंमत होत नाही.

बोटांना न कळणाऱ्या दोन गोष्टी प्रोबला कळतात. पहिली, गाठ किती खोल आहे. कातडीखाली चरबी, चरबीखाली फॅशियाचा पांढरा पडदा, त्याखाली स्नायू. पडद्याच्या वरची, लहान, कातडीला समांतर पसरलेली, आत पिसासारख्या बारीक रेषा असलेली, प्रोबने दाबली की चपटी होणारी आणि रक्तप्रवाह जवळपास नसलेली गाठ असेल तर तिला मी बिनदिक्कत लायपोमा म्हणतो, आणि तुम्ही ती बिनदिक्कत काढा. नाही काढली तरी चालेल. पण तीच गाठ पडद्याच्या खाली असेल, किंवा पडद्याला भेदून गेली असेल, तर गोष्ट बदलते. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल, वाढणारी. या तिन्हीतली एकही खूण असेल तर गाठ नीट बघून होईपर्यंत सुरी बाजूला ठेवायची. दुखणं आणि न दुखणं यावर मात्र जाऊ नका. आपले पेशंट "दुखत नही, मंग कसाले दखाडानं" म्हणत दोन-दोन वर्षं काढतात. सार्कोमा बऱ्याचदा दुखतच नाही.

दुसरी गोष्ट, आत काय आहे. इथे मात्र माझ्या रेडिओलॉजिस्ट भाऊबंदांना दोन शब्द सुनावतो, सर्जन मंडळींनी थोडं थांबावं. मनगटावरचा गँग्लियन, गुडघ्यामागची बेकर सिस्ट या पाण्याच्या गाठी ओळखायला सोप्या. बेकर सिस्टची मान पोटरीचा आतला स्नायू आणि सेमीमेम्ब्रेनोससचा कंडरा यांच्यामधून सांध्याकडे जाताना दिसली की विषय संपला. पण मान दिसली नाही, आणि गाठ काळी आहे, मागे उजळ पट्टा आहे, म्हणून 'सिस्ट' लिहून मोकळं होऊ नका. मज्जातंतूची गाठ, लिम्फोमा, मिक्सॉइड जातीच्या गाठी, सिनोव्हियल सार्कोमा, या सगळ्या भरीव असूनही पाण्यासारख्या काळ्या दिसू शकतात आणि मागे उजळ पट्टाही टाकतात. गेन वाढवून बघा. डॉपलरचा पीआरएफ, म्हणजे प्रवाहाच्या वेगाचं सेटिंग, खाली आणा. प्रोब दाबू नका, जेलचा ढीग ठेवून त्यावर अलगद तरंगता ठेवा, कारण दाबाने बारीक शिरा मिटतात आणि आपण समाधानाने 'प्रवाह नाही' असं लिहितो. आत एकही शीर सापडली तर ती सिस्ट नाही. आणखी एक. लिनियर प्रोबची रुंदी चार-पाच सेंटिमीटर, गाठ बारा सेंटिमीटरची. तिचा एक तुकडा बघून माप लिहिण्यापेक्षा पोटाचा कॉन्व्हेक्स प्रोब घ्या, सगळी गाठ एका चित्रात येते, आणि खोल मांडीतलं तर त्यानेच दिसतं. आणि जे कळलं नाही ते 'कळलं नाही' असं लिहायला शिका. 'सोनोग्राफीवर स्वरूप सांगता येत नाही, खोल भरीव गाठ, कापण्याआधी एमआरआय आणि बायोप्सी करावी' हा रिपोर्ट लिहिताना आपला कमीपणा वाटतो खरा. पण मी 'जुना हिमॅटोमा' किती आत्मविश्वासाने लिहिलं होतं ते वर सांगितलंच आहे.

आता पुन्हा सर्जन मंडळींकडे. कॅन्सरची भीती सोडून देऊ, तरीही काही गाठी अशा आहेत की ज्या न बघता चिरणं म्हणजे हौसेने विस्तवावर पाय. जांघेत अँजिओग्राफीनंतर उठलेली, लाल, दुखरी गाठ गळू समजून चिरली आणि ती धमनीतून फुगलेला रक्ताचा फुगा निघाली तर टेबलावर काय होतं ते वर्णन करायची गरज नाही. डॉपलरवर ती निम्मी लाल निम्मी निळी भोवऱ्यासारखी फिरताना पाच सेकंदांत दिसते. दंडावरची, टिचकी मारली की बोटांपर्यंत झिणझिण्या नेणारी गाठ : एका टोकाने नस आत शिरते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, शेपूट असल्यासारखी. ती लायपोमा म्हणून ओढून काढली तर पेशंटचा पंजा जातो. पाठीवरचं, बरगडीवरचं मऊ, थंड गळू : त्याचं मूळ मणक्यात किंवा बरगडीत, टीबीचं. चिरून ठेवलं की महिनोन् महिने वाहत राहतं. सुईने पू काढून तपासायला पाठवला आणि टीबीची औषधं सुरू केली तर चीरच लागत नाही, निदान बहुतेकांना. आणि दंडातली ती दाण्याएवढी दुखरी गाठ, जी सोनोग्राफीवर स्नायूतलं इवलंसं पाण्याचं घर आणि त्यात एका कडेला पांढरा ठिपका अशी दिसते, ती पट्टकृमीची अळी. तिला सुरी कशाला?

मग गाठ खोल, भरीव, संशयास्पद निघाली तर? एमआरआय. तो आता जळगाव-धुळ्यात होतो, त्यासाठी नाशिक गाठावं लागायचे दिवस गेले. बायोप्सी एमआरआयच्या नंतर, आधी नाही. सुई फिरल्यावर सूज आणि रक्त यांनी चित्र गढूळ होतं. बारीक सुईने पेशी ओढून सार्कोमाचं निदान पक्कं होत नाही, ट्रू-कटच्या जाड सुईने तुकडा लागतो. तो सोनोग्राफीखाली घेतला तर गाठीच्या मेलेल्या भागातून न घेता जिथे रक्तप्रवाह आहे त्या जिवंत भागातून घेता येतो. सुई कुठून घालायची हे पुढचं मोठं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवायचं, कारण सुईची वाट त्याला गाठीबरोबर काढावी लागते. उघडी बायोप्सी करायचीच वेळ आली तर हातापायावर चीर लांबीच्या दिशेने. आडवी चीर दिसायला सुबक असते, पण पुढच्या माणसाची पंचाईत करते. आणि काढलेली प्रत्येक गाठ, अगदी शंभर टक्के लायपोमा वाटणारीसुद्धा, फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे. पिवळी पिशवी नंतर.

तुमच्यापैकी काही जण इथवर वाचून म्हणतील, हा गाठींचे पेशंट मागतोय, म्हणजे धंदा वाढवतोय. स्वाभाविक आहे. आपल्या व्यवसायात चिठ्ठीमागे पाकीट चालतं हे सगळ्या गावाला माहीत असताना मी भाबडेपणाचा आव आणणार नाही. म्हणून सांगतो, गाठीची चिठ्ठी पाठवा, पाकिटाची अपेक्षा ठेवू नका, आणि पेशंटकडून मीही जास्त घेणार नाही. बिनपाकिटाचा रेडिओलॉजिस्ट दुसरा कुणी असेल तर त्याच्याकडे पाठवा, माझी हरकत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतात. पण चुकीच्या पहिल्या ऑपरेशनने जे गेलं ते कुठल्याच योजनेत परत मिळत नाही.

यंत्राचं काय, असंही विचाराल. स्वतःच्या ओपीडीत एक लहान मशीन ठेवावं असं कित्येक सर्जनना वाटतं, आणि गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नोंदणीचं नाव निघालं की उत्साह मावळतो. तुम्ही फक्त मांड्या आणि दंड बघणार असलात तरी यंत्राची नोंदणी चुकत नाही, आणि ते कुणी चालवायचं हेही ठरलेलं आहे. त्या कायद्यातला नोंदीचा फॉर्म एफ मात्र गर्भवतीसाठीच. केळीवाल्या मुलाच्या मांडीला तो लागत नाही, हे मला दोन डॉक्टरांना पटवून द्यावं लागलं. कायद्यावर चिडायचा हक्क आपल्याला तसा कमीच आहे. २०११ च्या जनगणनेत लहान मुलींच्या प्रमाणात जळगाव जिल्हा राज्यात तळाकडे होता, आणि ती यंत्रं आपल्याच भाऊबंदांनी चालवली होती. मशीन घेणं जमत नसेल तर नका घेऊ. पेशंट पाठवा.

फॅमिली डॉक्टरांना वेगळं सांगतो, कारण गाठ पहिल्यांदा तुम्हालाच दिसते. बऱ्याचदा तुमच्याही आधी ती हाडवैद्याला दिसलेली असते आणि आठवडाभर तेलाने चोळून झालेली असते, नाहीतर बिबा लावून वरची कातडी भाजलेली असते. भाजलेल्या कातडीवर प्रोब ठेवला की पेशंट कळवळतो आणि चित्रही धड येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्यांत मी हे जास्त पाहतो, पण शहरातल्या शिकल्यासवरल्यांतही पाहिलं आहे. चोळू नका, डागू नका, बिबा लावू नका, हे तीन शब्द तुमच्या तोंडून गेले तर माझ्यापेक्षा जास्त ऐकले जातील. आणि तारखा. "आखाजी होऊ द्या", "कापूस घरात येऊ द्या", "केळीचा भाव उतरायच्या आत माल काढून घेतो, मग येतो". मी कुणाला दोष देत नाही, मजुरी बुडवून सोनोग्राफीला येणं सोपं नसतं. फक्त पहिल्याच भेटीत गाठ टेपने मोजून केसपेपरवर सेंटिमीटरमध्ये लिहा. 'लिंबाएवढी' लिहू नका, आपल्याकडे लिंबंही चार मापांची मिळतात. दोन महिन्यांनी तो परत आला की वाढली का नाही यावर वाद राहत नाही.

चिठ्ठीवर मला एवढं हवं : गाठ कुठे, किती दिवसांची, वाढते का, आधी कुणी सुई घातली किंवा कापली का, आणि तुम्हाला कशाचा संशय आहे. शेवटचं लिहायला लाजू नका. चुकीचा संशय मला रिकाम्या चिठ्ठीपेक्षा जास्त कामाचा आहे. 'मांडी, सूज' यावर माझं काय झालं ते तुम्ही वाचलंच. गाठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून "काय वाटतं?" असं कृपया विचारू नका. फोटोत मला कातडी दिसते.

तो पालथा झोपलेला शेतकरी राहिलाच. त्याची गाठ पडद्याच्या वर होती, सहा सेंटिमीटरची, पिसासारख्या रेषा, दाबली की चपटी, शिरा नाहीत. माप मोठं होतं म्हणून दोनदा फिरून बघितलं. लायपोमाच. "काढानी का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घड वाहताना अडचण होत असेल तर काढा, काढलीत तर तपासायला पाठवायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी दाखवायला या. तो सदरा घालत बाहेर गेला आणि बाकावरच्या बायांकडे न बघता चपला शोधू लागला.

माझ्याकडे गर्भवतींची गर्दी सकाळी असते. दुपारी दोन ते चार टेबल रिकामं असतं. गाठीचे पेशंट तेव्हा पाठवा, म्हणजे डॉपलर दहा सेकंदांत उरकावा लागणार नाही.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक रेडिओलॉजिस्ट